शब्दवेधी बाण : औषधाचे वाहन आणि ध्वनीचे सारथ्य



शरयूच्या तीरावर काळोखात घागर बुडाल्याचा आवाज झाला. तो पाणी पिणाऱ्या हत्तीचा आवाज आहे असे समजून दशरथ राजाने त्या रोखाने बाण सोडला आणि तो श्रावणाच्या उरात शिरला, ही कथा आपणांपैकी प्रत्येकाने आजीच्या मांडीवर बसून ऐकलेली आहे. लक्ष्य डोळ्यांना न दिसता केवळ आवाजाच्या अनुरोधाने वेध घेण्याच्या त्या विद्येस शब्दवेध म्हणतात. विद्या थोर होती, धनुर्धरही थोर होता. परंतु समोर कोण आहे याची शहानिशा न करता बाण सुटल्यामुळे आंधळ्या मातापित्यांचा आधार नाहीसा झाला. आजच्या वैद्यकशास्त्रात ध्वनीच्या रोखाने औषध नेमक्या रोगस्थानी पोचविण्याची एक नवी विद्या आकारास येत आहे. तिचा इतिहास आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत थोडक्यात सांगावा, असा प्रस्तुत लेखकाचा मानस आहे. आमच्या जुन्या पोथ्यांत हे सर्व होतेच, असे म्हणण्याचा येथे मुळीच उद्देश नाही. कथा घेतली ती तिच्यातील बोधासाठी. आणि तो बोध आपणा वाशीम जिल्हावासीयांस विशेष लागू आहे, हे लेखाच्या अखेरीस ध्यानात येईल.

प्रथम अडचण काय आहे ते पाहू. आपण शेतकरी माणसे. पाटाने पाणी सोडले म्हणजे ते तुरीला मिळते, तसे बांधावरच्या तणालाही मिळते, आणि बरेचसे वाटेतच मुरते. शिरेतून दिलेल्या औषधाचे तसेच आहे. ते रक्ताबरोबर सर्व शरीरात फिरते. गाठ असते यकृतात, पण औषध जाते हृदयात, मूत्रपिंडात, आतड्यात आणि केसांच्या मुळांतही. कर्करोगावरील पुष्कळ औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींचा नाश करतात. म्हणून रोग्याचे केस गळतात, त्यास उलट्या होतात, तोंड येते आणि रक्त उतरते. पुष्कळदा गाठ नाहीशी होईल इतके औषध देता येत नाही, कारण तितके औषध रोग्याचे शरीर सोसत नाही. पाटाच्या पाण्याऐवजी ठिबकाची नळी मुळाशी नेता येईल काय, हाच वैद्यकापुढील जुना प्रश्न होय.

हा प्रश्न स्पष्ट शब्दांत प्रथम मांडण्याचा मान जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांजकडे जातो. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी रंगविताना त्यांच्या ध्यानात आले की, काही रंग विशिष्ट पेशींसच चिकटतात, इतरांस नाही. रंग जर असा निवड करतो, तर औषधाने का करू नये? यातून त्यांनी ‘जादूची गोळी’ ही कल्पना मांडली : रोगजंतूस नेमकी लागावी, पण रोग्यास इजा करू नये अशी गोळी. १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि १९१० साली त्यांचे उपदंशावरील साल्वार्सन हे औषध बाजारात आले. परंतु त्या गोळीसही दुष्परिणाम होतेच. गोळी सापडली, पण तिला लक्ष्यापर्यंत नेणारे वाहन सापडले नव्हते.

औषधास वाहन असावे ही कल्पना आपणांस परकी नाही. वैद्यबुवा चूर्ण देताना मधातून घ्या, तुपातून घ्या, कोमट पाण्यातून घ्या, असे बजावून सांगत. त्यास अनुपान म्हणतात. आणि मधास आयुर्वेदाने योगवाही, म्हणजे ज्याच्याशी संयोग होईल त्याचा गुण वाहून नेणारा, म्हटले आहे. मात्र अनुपान औषधास पोटापर्यंत नेते. तेथून पुढे एका विशिष्ट गाठीपर्यंत नेणारे वाहन निर्माण होण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

इंग्लंडात केंब्रिजजवळील बाब्राहॅम येथील संस्थेत अॅलेक बँगहॅम हे रक्त गोठण्याच्या क्रियेचा अभ्यास करीत होते. पेशींच्या आवरणात आढळणारे स्निग्ध पदार्थ पाण्यात मिसळले असता त्यांच्या आपोआप अतिसूक्ष्म पिशव्या बनतात, असे त्यांना दिसून आले. १९६५ च्या सुमारास हा शोध जगापुढे आला. या पिशव्यांस पुढे लायपोसोम हे नाव मिळाले. पिशवीच्या पोटात पाणी व भोवती स्निग्ध भिंत, अशी तिची रचना असल्यामुळे तीत औषध भरून पाठविता येईल, हा विचार १९७० नंतरच्या दशकात ग्रेगरी ग्रेगोरियाडिस आदी संशोधकांनी पुढे नेला. १९९५ साली डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरील औषध लायपोसोमांत भरून अमेरिकेत मान्यता पावले.

या कणांचा आकार किती लहान, याची कल्पना करून पाहावी. मीटरचे शंभर कोटी भाग केले असता त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. म्हणून या विद्येस मराठीत अब्जांश तंत्रज्ञान असे सार्थ नाव मिळाले आहे. माणसाचा केस ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. औषधवाहक कण साधारणतः शंभर नॅनोमीटरांच्या आसपास, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे हजाराव्या हिश्शाचे असतात. १९८६ साली जपानच्या मात्सुमुरा व माएदा यांनी दाखवून दिले की, गाठीतील घाईघाईने वाढलेल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात व त्यांच्या फटींतून असे कण गाठीत शिरून साचतात. त्यामुळे मोठी आशा उत्पन्न झाली. परंतु पुढील अनुभव असा की, प्रत्येक गाठ सारखी गळकी नसते, आणि कण गाठीत पोचले तरी पिशवीचे तोंड योग्य वेळी उघडतेच असे नाही. वाहन मिळाले होते. सारथी हवा होता.

तो सारथी ध्वनीच्या रूपाने लाभला. त्याची कथा स्वतंत्रपणे सांगावयास हवी.

मनुष्याचा कान सेकंदास सुमारे वीस ते वीस हजार कंपनांचा ध्वनी ऐकू शकतो. त्याहून अधिक कंपनांच्या ध्वनीस श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. १८८० साली पॅरिस येथे झाक व पियेर क्यूरी या बंधूंस असे आढळले की, क्वार्ट्झसारख्या काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांत वीज उत्पन्न होते. उलटपक्षी, वीज दिली असता स्फटिक कंप पावतो, हेही पुढे सिद्ध झाले. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा सुगावा लावण्यासाठी फ्रान्सच्या पॉल लाँजव्हँ यांनी याच स्फटिकांच्या साहाय्याने पाण्यात श्राव्यातीत ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपला. पुढे कारखान्यांत लोखंडातील अदृश्य भेगा शोधण्यास हेच तत्त्व उपयोगी पडले. ग्लासगो येथील प्रसूतिशास्त्रज्ञ इयान डोनल्ड यांनी १९५५ मध्ये असे एक भेगा शोधणारे यंत्र शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठींवर वापरून पाहिले आणि १९५८ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात पोटातील गाठींच्या ध्वनिचित्रणावरील आपला निबंध प्रसिद्ध केला. आज तालुक्याच्या गावीही दिसणाऱ्या सोनोग्राफीचा पाया त्या कामाने घातला.

याच सुमारास ध्वनीचा दुसरा गुणही संशोधकांच्या ध्यानी येत होता. भिंगाने सूर्यकिरण एका बिंदूवर आणावे तद्वत् श्राव्यातीत ध्वनी शरीरातील एका बिंदूवर एकवटता येतो, आणि वाटेतील कातडीस अपाय न होता त्या बिंदूवर उष्णता निर्माण करता येते. अमेरिकेतील विल्यम व फ्रान्सिस फ्राय या बंधूंनी १९५० नंतरच्या दशकात मेंदूच्या विकारांत या तत्त्वाचा उपयोग करण्याचे प्रयत्न केले.

यापुढील दुवा बुडबुड्याचा. जहाजांचे पंखे पाण्यात फिरत असता झिजून खड्डेमय का होतात, या प्रश्नाचा विचार करताना लॉर्ड रॅले यांनी १९१७ साली गणिताने दाखविले की, द्रवातील पोकळी कोसळताना तिच्या ठिकाणी प्रचंड दाब उत्पन्न होतो. फुटणारा बुडबुडा धातूसही पोखरतो, तर पेशीच्या नाजूक आवरणाची काय कथा? पुढे १९६८ साली अमेरिकेतील रॉचेस्टर येथे रेमंड ग्रामियाक व प्रवीण शहा यांनी नोंदविले की, हृदयात द्रव टोचला असता ध्वनिचित्रात प्रतिध्वनींचा ढग उमटतो. त्या ढगाचे कारण म्हणजे द्रवाबरोबर गेलेले सूक्ष्म बुडबुडे, हे मागाहून स्पष्ट झाले. त्यातून रक्तात सोडता येतील असे टिकाऊ बुडबुडे तयार करण्यात आले. ध्वनिलहर येताच बुडबुडा आकुंचन व प्रसरण पावतो. लहर सौम्य असेल तर तो केवळ थरथरतो आणि जवळच्या पेशींची आवरणे क्षणभर सैल करतो; प्रखर असेल तर फुटतो. म्हणजे वैद्याच्या हाती एक कळ आली. औषधाची पिशवी व बुडबुडा एकत्र पाठवावे, ते सर्व शरीरात निमूटपणे फिरू द्यावे, आणि बाहेरून ध्वनी केवळ गाठीवर रोखावा, म्हणजे पिशवीचे तोंड तेथेच उघडेल, असा हा विचार आहे.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. २०२१ च्या उन्हाळ्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेमागोमाग काळ्या बुरशीचा जो कहर झाला, तो कोण विसरेल? प्रस्तुत लेखकाचे मामा त्या रोगाने आजारी पडले. अॅम्फोटेरिसिन-बी हे बुरशीवरील जुने व प्रभावी औषध. परंतु ते साध्या रूपात दिले असता थंडीताप भरतो व मूत्रपिंडास इजा होते. तेच औषध लायपोसोमांत भरून दिले असता ही इजा पुष्कळच कमी होते. डॉक्टरांनी लायपोसोमचे इंजेक्शन लिहून दिले. ते मिळविण्यासाठी आम्ही भाचे मंडळी वाशीम, अकोला व नागपूर अशी दारोदार फिरलो. मामा वाचले, पण त्यांचा उजवा डोळा गेला. त्या धावपळीत लायपोसोम हा शब्द आम्ही मंत्राप्रमाणे घोकला, परंतु त्याचा अर्थ आमच्यापैकी एकासही ठाऊक नव्हता. या लेखाचे मूळ त्या लज्जेत आहे.

पुढे वाचनात आले की, हे औषध भारतात बनविण्याच्या कामी मुंबईच्या परळ येथील केईएम रुग्णालयाचा व त्यास जोडलेल्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाचा मोठा वाटा आहे. तेथील औषधशास्त्रज्ञ डॉ. नीलिमा क्षीरसागर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली विद्यापीठातील संशोधकांच्या सहकार्याने अॅम्फोटेरिसिनचे लायपोसोम तयार केले व रोग्यांवर त्याच्या रीतसर चाचण्या घेतल्या. त्यातूनच फंगिसोम हे भारतीय औषध बाजारात आले. मौजेची गोष्ट अशी की, हे औषध शिरेतून देण्यापूर्वी त्याची कुपी श्राव्यातीत ध्वनीच्या यंत्रात ठेवावी लागते. ध्वनीच्या कंपनांनी आतील पिशव्या लहान व एकसारख्या होतात. म्हणजे ध्वनी आणि सूक्ष्म कण यांची गाठ आपल्या मुंबईत शरीराबाहेर, कुपीतच, पडली होती! आणि आपल्या विदर्भातही त्या संकटात हात जोडून बसण्याचा प्रसंग आला नाही. मे २०२१ च्या अखेरीस वर्धा येथील जेनेटिक लाइफ सायन्सेस या कारखान्याने अॅम्फोटेरिसिनचे इमल्शन, म्हणजे स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म थेंबांत मिसळलेले औषध, बनविण्यास आरंभ केला. ते लायपोसोम नव्हे. परंतु विखारी औषधास स्निग्ध वाहन द्यावे, हे तत्त्व तेच.

हीच गाठ शरीराच्या आत घालण्याचा उद्योग पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत झाला. या संस्थेची स्थापना १९५८ ची, म्हणजे डोनल्ड यांच्या निबंधाच्याच वर्षाची. तेथील प्राध्यापिका रिंती बॅनर्जी यांनी आपल्या सहकाऱ्यासह २०१९ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरील औषध लायपोसोमांत भरून ते लायपोसोम अतिसूक्ष्म बुडबुड्यांस जोडावयाचे, असा त्यांचा बेत होता. हे बुडबुडे ध्वनिचित्रात दिसतात, म्हणून गाठ कोठे आहे ते पाहावयाचे. आणि मग त्याच ध्वनीने बुडबुडे फोडून औषध तेथेच मोकळे करावयाचे. पाहणे आणि मारणे ही दोन्ही कामे एकाच साधनाने व्हावीत, अशी ही योजना होय. दशरथाने जे केले नाही ते येथे प्रथम केले जाते : आधी लक्ष्य ओळखावयाचे, मग बाण सोडावयाचा. हे काम प्रयोगशाळेच्या पायरीवरील आहे. हा रुग्णालयात मिळणारा उपचार नव्हे, हे वाचकांनी कृपया ध्यानात ठेवावे.

परदेशात मात्र ही विद्या रोग्यापर्यंत जाऊन पोचली आहे. मेंदूभोवती निसर्गाने अशी तटबंदी घातली आहे की, रक्तातील बहुतेक औषधे आत शिरू शकत नाहीत. २०१५ साली कॅनडातील टोरोंटो येथील सनीब्रुक रुग्णालयात मेंदूत गाठ असलेल्या एका रोग्याच्या रक्तात बुडबुडे सोडून, कवटी न उघडता, एकवटलेल्या ध्वनीने ही तटबंदी नेमक्या जागी तात्पुरती सैल करण्यात आली व कर्करोगावरील औषध आत जाऊ दिले गेले. ऑक्सफर्ड येथे यकृतातील गाठींच्या दहा रोग्यांवर झालेल्या चाचणीचा वृत्तांत २०१८ साली प्रसिद्ध झाला. तेथे उष्णतेने वितळणारे लायपोसोम वापरले होते. बाहेरून ध्वनीने गाठ किंचित तापविली असता गाठीतील औषधाचे प्रमाण सरासरीने ३.७ पट झाले.

परंतु इतिहास लिहावयाचा तर अपयशही लिहिले पाहिजे. याच उष्णतेने वितळणाऱ्या औषधाची सातशे एक रोग्यांवरील एक मोठी चाचणी, जीत गाठ ध्वनीने नव्हे तर विद्युल्लहरींनी तापविली जात होती, २०१३ साली अयशस्वी ठरली होती. शिवाय ध्वनीस स्वतःच्याही मर्यादा आहेत. हवेतून तो नीट जात नाही, म्हणून फुप्फुसात त्याचा उपयोग अवघड. हाड त्यास अडविते. आणि रोग सर्वांगात पसरला असेल तर एका बिंदूवर नेम धरून काय साधणार? गाठीत औषध अधिक गेले म्हणजे रोगी अधिक जगेलच, असेही नाही; ते मोठ्या चाचण्यांनीच ठरावयाचे असते. म्हणून कोणी दवाखाना थाटून ‘नॅनो’ नावाची बाटली विकू लागला व कर्करोग समूळ बरा करण्याची हमी देऊ लागला, तर त्याच्या नादी लागून शेत गहाण टाकू नये. खऱ्या उपचारास चाचणीचा कागद असतो. हमी असत नाही.

आपल्या हाती आज जे आहे ते साधेच आहे. मुंबईत १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथील थोर विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी कर्करोग आणि निरनिराळ्या समाजांच्या चालीरीती यांचा संबंध तपासला. तंबाखूची सवय आणि तोंडाचा कर्करोग यांचे नाते त्यांच्या अभ्यासाने आपल्यापुढे ठेवले. जातिसंस्थेचा असाही उपयोग एका शास्त्रज्ञाने करून घेतला : कोणाच्या घरी कोणती खोड आहे, हे पाहण्यासाठी! आपल्या समाजाच्या मेळाव्यात सत्काराच्या तबकाशेजारी खर्ऱ्याच्या पुड्याही फिरतात, हे आपण सर्वजण पाहतो. तोंडातील न भरणारा चट्टा, स्तनातील गाठ, अंगावरून अवेळी जाणे, यांपैकी काहीही दिसल्यास लाज न धरता लवकर दाखवावे. लहान गाठीस साधा बाणही पुरतो.

आता शेवटचे व कटू बोल. सोनोग्राफीचे यंत्र आपल्याकडे आले ते आईच्या व बाळाच्या रक्षणासाठी. आपण त्याचे काय केले? गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वांआधी केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, तो १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला. आपला वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. त्यानंतरच्या पहिल्या, म्हणजे २००१ च्या, जनगणनेत जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ९१८ मुली होत्या. २०११ च्या जनगणनेत त्या ८६३ राहिल्या. कायदा होता आणि तरीही दहा वर्षांत हजारामागे ५५ मुली कमी झाल्या. वत्सगुल्म ही वाकाटकांची राजधानी, असे आपण अभिमानाने सांगतो. त्याच भूमीवरील ही नोंद आहे. या आकड्यांत आपल्या समाजाचा वाटा किती, हे जनगणना सांगत नाही. परंतु आपली वधूवर परिचय पुस्तिका उघडून मुलांची पाने व मुलींची पाने मोजावीत; उत्तर तेथे मिळेल.

ध्वनी तोच आणि स्फटिकही तोच. त्याच्या योगे औषधास वाट दाखविता येते, आणि त्याच्याच योगे उदरातील श्रावणाचा घात करता येतो. दशरथाचा अपराध निदान अजाणता घडला होता. आपला जाणूनबुजून घडला. आणि या लेखात आपल्या महाराष्ट्रातील ज्या दोन संशोधकांची कामे वर सांगितली, परळच्या क्षीरसागर व पवईच्या बॅनर्जी, त्या दोघीही कोणाच्या तरी लेकीच आहेत. विखारी औषधास वाहन देणारे आणि ध्वनीस सारथ्य शिकविणारे हात मुलींचे होते. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा व मानोरा या आपल्या सहा तालुक्यांतून असे हात उद्या निघावयाचे असतील, तर ते आधी जन्मास आले पाहिजेत.

मंडळ दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करते, हे योग्यच आहे. त्यात एवढीच भर पडावी अशी विनंती आहे की, विज्ञान शाखेत उच्च शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या, परंतु घरच्या ओढाताणीमुळे बारावीनंतर थांबणाऱ्या मुलींसाठी एक स्वतंत्र निधी उभारावा. मामांच्या आजारात औषधासाठी जी धावपळ आम्ही केली, तिची आठवण म्हणून या निधीत पहिली पावती प्रस्तुत लेखक फाडील. पुढील पावत्या आपण फाडाव्यात, ही नम्र प्रार्थना.